दिवस बुडेपर्यंत

५ मे १९६१, शुक्रवार. दुपारचे पावणेचार वाजलेत, पण तुमच्याकडे घड्याळ नाही. कुडाची सावली अंगणातल्या उखळापर्यंत सरकली की चार वाजत आले, एवढं तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही शहापूर तालुक्यात, माहुली गडाच्या पायथ्याशी एका पाड्यावर आहात. वय सोळा-सतरा, लग्नाला एक पावसाळा झालेला. पहाटे तांबडं फुटायच्या आत बायकांबरोबर रानात जाऊन आलात. त्यानंतर आत्तापर्यंत लघवीला गेला नाहीत.

जाणार कुठे? पावसाळ्यात हे रान माणसाला पोटात घेतं, वैशाखात तेच उघडं पडतं. सागाची पानं केव्हाच झडली. भाताची खाचरं कापून मोकळी झाली. राब भाजायला फांद्यासुद्धा तोडून नेल्या. बांधावर उभी असलेली बाई अर्ध्या कोसावरून दिसते. पुरुषमाणूस करवंदीच्या जाळीकडे तोंड करून उभा राहिला तर कुणी मान वळवून बघत नाही. तुम्ही टमरेल हातात घेऊन उंबरा ओलांडलात तर साऱ्या पाड्याला कळेल.

सकाळपासून दोनदा विहिरीवर गेलात. तळाशी झरा आहे, त्यातून वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. डोक्यावर दोन हंडे आणि घशाला कोरड, तरी घोटभरच प्यायलात. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट मागतं, हे कुणी शिकवलं नाही. सासरच्या पहिल्याच उन्हाळ्यात अंगानंच ते शिकवलं.

ओटीपोट आता जड झालंय. तुम्ही एक मांडी मोडता, दुसरी घालता. नाचणी पाखडणाऱ्या सासूला मान वर न करताच समजतं.

“दिवस बुडू दे गो, मग जाऊ.”

दिवस बुडायला अजून सव्वातीन तास आहेत.

*

हा देह तसाच कुडाला टेकून राहू द्या आणि दुसऱ्या देहात शिरा. घड्याळ साडेदहा तास मागं. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलला पहाटेचे सव्वापाच वाजलेत.

आता तुम्ही ॲलन शेपर्ड आहात. वय सदतीस, अमेरिकी नौदलाचे चाचणी-वैमानिक. रेडस्टोन रॉकेटच्या टोकावर ‘फ्रीडम ७’ नावाचं घंटेच्या आकाराचं यान बसवलंय आणि दोघेतिघे मिळून तुम्हाला त्यात सरकवताहेत. आत जागा एकाच माणसापुरती, तीही काटेकोर. तुम्ही पाठीवर उताणे, गुडघे मोडून पाय वर. छाती, कंबर, खांदे पट्ट्यांनी आवळलेले.

अंगावरचा चंदेरी पोशाख बी. एफ. गुडरिच कंपनीनं शिवलाय. ही टायर करणारी कंपनी. तिथल्या रसेल कॉली यांनी उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी हवाबंद पोशाख केले होते. नौदलाचा तसाच एक पोशाख सुधारून हा केला. आतला थर निओप्रीन चढवलेल्या नायलॉनचा, बाहेरचा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा. यानातली हवा अचानक निघून गेली तर आतला माणूस जिवंत राहावा, यासाठी हा सगळा खटाटोप. ऑक्सिजन छातीपोटाच्या बाजूनं आत शिरतो, अंगभर फिरतो आणि शिरस्त्राणातून बाहेर पडतो.

तुमच्या शरीराची खबर घेण्यात कुणी कसूर केलेली नाही. छातीवर हृदयाचे ठोके टिपणारे इलेक्ट्रोड चिकटवलेत. श्वास मोजणारं उपकरण आहे. अंगातलं तापमान कळावं म्हणून गुदद्वारात तार घातली आहे. शौचाची वेळ येऊ नये म्हणून आधीपासून कमी चोथ्याचं जेवण दिलंय. आज पहाटेची न्याहारीही मोजूनमापून झाली: मांस, अंडी, संत्र्याचा रस.

लघवीसाठी मात्र पोशाखात काही नाही. पिशवी नाही, नळी नाही, कापडाची जास्तीची घडीसुद्धा नाही. कारण उड्डाण आहे पंधरा मिनिटांचं. पंधरा मिनिटं कुणीही धरून ठेवू शकतो.

हिशेबात चूक नव्हती. फक्त तो रॉकेट सुटल्यापासून धरला होता, माणूस आत बसल्यापासून नाही.

*

शहापुरात पावणेपाच वाजत आलेत. तिकडे यानाचं दार बंद झालंय.

उड्डाणाची ठरलेली वेळ तिकडची सकाळी सात वीस, इकडची संध्याकाळी पाच पन्नास. ती वेळ येते आणि जाते. किनाऱ्यावर ढग आलेत, कॅमेऱ्यांना रॉकेट दिसलं पाहिजे. मग रॉकेटच्या वीजपुरवठ्यातला एक भाग तापतो आणि तो बदलावा लागतो. मग संगणकाची फेरतपासणी निघते. प्रत्येक थांबा योग्य कारणासाठी आहे. संत्र्याच्या रसाला ती कारणं कळत नाहीत.

तुम्ही पाय हलवून बघता, जेमतेम इंचभर हलतात. पोटावरचा पट्टा नेमका नको तिथे दाबतोय. इकडे पाड्यावर तुम्ही लुगड्याचा कासोटा जरा सैल करता. तिकडे सैल करण्याजोगं काहीच नाही.

तीन तास उलटून गेल्यावर तुम्ही रेडिओवर बोलता. पलीकडे गॉर्डन कूपर आहे, तुमच्यासारखाच अंतराळवीर, तुमचा मित्र. मला लघवीला जायचंय, बाहेर काढता येईल का, असं तुम्ही सरळ विचारता. कूपर विचारून येतो. उत्तर नकाराचं. दार उघडायचं, पट्टे सोडायचे, पुन्हा सगळं बांधायचं, तर आजचा दिवस हातचा जाणार. तीन दिवसांपूर्वी पावसापाण्यानं एक प्रयत्न रद्द झालाच होता. अवघ्या तेवीस दिवसांपूर्वी, १२ एप्रिलला, युरी गागारिन पृथ्वीला फेरी मारून आलाय आणि अमेरिकेला घाई झालीय. त्या गागारिननं प्रक्षेपणतळाकडे जाताना बस थांबवली आणि मागच्या चाकाशी उभं राहून मोकळं होऊन घेतलं, असं सांगतात. पुढच्या कित्येक रशियन अंतराळवीरांनी तो रिवाज पाळला. बस थांबवता येते. रॉकेटच्या टोकावर बसलेल्या माणसाला थांबायची दुसरी जागा नसते.

मग तुम्ही म्हणता, सुटातच करतो.

आता तिकडे धावपळ. पाण्यानं तारांत शॉर्टसर्किट झालं तर? त्यावर उपायही तुम्हीच सुचवता: तेवढ्यापुरता वीजपुरवठा बंद करा. थोडा वेळ शांतता. मग परवानगी येते.

*

माहुलीच्या सुळक्यांमागे सूर्य गेला. चूल पेटली, धुराचा वास पसरला. सासू उठली, जावेनं हाक घातली, शेजारच्या दोघी आल्या. दाराआडचं टमरेल तुम्ही पदराखाली घेता. वैशाखाचा वद्य पक्ष आहे, चंद्र रात्री उशिरा उगवेल. अंधार आज चांगला पडणार.

पायवाटेनं पाच जणी चालताहेत. कुणी मोठ्यानं बोलत नाही. पहिली काठी आपटत चालते, विंचूकाट्यासाठी. तुम्ही चालताय, पण पोटात इतकं भरलंय की पाऊल जपून टाकावं लागतं. बांधाच्या खाली पोचता, चौघी चार दिशांना पाठ करून बसतात, आणि तुम्हीही बसता.

सुरुवातीला काहीच होत नाही. इतके तास आवळून धरलेला स्नायू लगेच सैल होत नाही. मग होतो. डोळ्यांत पाणी येतं. ते दुःखाचं नाही आणि सुखाचंही नाही.

तिकडेही तसंच झालंय. पाय वर आणि पाठ खाली, म्हणून ऊब आधी मांड्यांकडून मागे सरकते आणि पाठीच्या खोलगट भागात साचते. आतल्या जाड सुती कपड्यानं ती शोषली. अंगावरून फिरणारा ऑक्सिजन हळूहळू तो कपडा वाळवू लागतो. वीज पुन्हा सुरू झाली. कुठे ठिणगी पडली नाही, काही जळलं नाही. ज्या गोष्टीचं एवढं भय होतं, तिचं एवढंच झालं.

इकडे आठ वाजून चार मिनिटं होतात तेव्हा तुम्ही परत येऊन चुलीपाशी टेकलेल्या असता. तिकडे सकाळचे नऊ चौतीस. रेडस्टोन गर्जतं आणि तुम्ही ओलसर कपड्यांतच १८७ किलोमीटर उंच जाता, पाचेक मिनिटं वजनरहित तरंगता आणि अटलांटिक समुद्रात उतरता. सगळं मिळून पंधरा मिनिटं. त्याआधी यानात पडून काढलेले चार तासांहून जास्त.

पंधरा मिनिटांचा हिशेब जगानं ठेवला. चार तासांची आठवण मुख्यतः त्या भिजलेल्या सुटामुळे उरली.

*

पुढे सरका. २१ जुलै १९६१, गस ग्रिसम, ‘लिबर्टी बेल ७’. आता चूक माहीत झालीय, पण उपाय अजून घाईचा आहे. एकात एक अशा दोन रबरी चड्ड्या, आणि जे काही होईल ते दोन्हींच्या मधल्या जागेत साठवायचं. तुम्ही ती घालून बसलात तर घामानं कातडी चिकटते आणि साठलेलं पाणी तुमच्याबरोबरच राहतं. नाही म्हणण्यापेक्षा बरं, एवढंच.

आणखी पुढे. २० फेब्रुवारी १९६२, आणि या खेपेला आधी मुरबाडला या.

माघ वद्य प्रतिपदा. काल पौर्णिमा झाली. महिन्यापूर्वी पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरली होती, बैलबाजार पाहायला तालुका लोटला होता, आणि बैलगाडीतून आलेल्या बायका गाड्यांच्या आडोशाला एकमेकींभोवती पदर धरून उभ्या राहिल्या होत्या. आज जत्रा नाही, गर्दी नाही, पण आभाळात चंद्र आहे. दिवस बुडाल्यावर जेमतेम तासाभराचा अंधार मिळाला. त्या वेळी तुम्ही भाकऱ्या थापत होता. आता सिद्धगड-गोरखगडाच्या बाजूनं चंद्र वर आला आणि शिवार दुधासारखं उजळलं. कवितेत शोभणारं हे चांदणं तुम्हाला आज नको आहे. पांढऱ्या उजेडात बांधावर बसलेलं माणूस सावलीसकट दिसतं.

तुम्ही परत आत जाता आणि चंद्र कलायची वाट बघता.

त्याच वेळी, आपल्याकडचे सव्वाआठ वाजून गेलेत, जॉन ग्लेन ‘फ्रेंडशिप ७’ मधून निघालाय. तीन प्रदक्षिणा, जवळजवळ पाच तास. शिरा त्याच्या देहात. या वेळी कुणीतरी नीट बसून विचार केलाय. कंडोमसारखं एक रबरी आवरण, त्याला नळी, नळीला पिशवी, पिशवी पोशाखाच्या आत पायाशी. नळी मुडपू नये, पाणी उलटं येऊ नये, पट्ट्यांखाली काही चेपू नये, हे सगळं तपासलंय. पहिल्यांदाच नुसती ‘वस्तू’ न देता सुरुवातीपासून शेवटापर्यंतची ‘वाट’ दिली गेली.

आणि इथे एक नवीन गोष्ट कळते. पृथ्वीवर लघवी मूत्राशयाच्या तळाशी साठते, तळावर दाब येतो आणि त्यातून सूचना मिळते. वजनरहित अवस्थेत तळच उरत नाही. पाणी चारी भिंतींना चिकटून राहतं आणि मूत्राशय जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मेंदूला निरोप जात नाही. ग्लेनला निरोप मिळाला तो उड्डाण संपत आल्यावर, आणि एकाच वेळी सुमारे ८०० मिलिलिटर बाहेर पडले. एरवी माणसाचं मूत्राशय इतकं भरेपर्यंत थांबत नाही.

मुरबाडच्या घरात तुम्ही चंद्राकडे बघत बसलाय. तुम्हाला मात्र निरोप केव्हाच मिळालाय, पुन्हा पुन्हा मिळतोय.

*

यानं मोठी झाली, मुक्काम वाढले. मे १९६३मध्ये तोच गॉर्डन कूपर, शेपर्डचा निरोप पोचवणारा, स्वतः चौतीस तास अंतराळात राहिला. पोशाखातली लघवी पंपानं पिशव्यांत काढताना त्याला फार त्रास झाला, थेंब सुटून यानात तरंगत राहिले. अपोलोच्या काळात शौचासाठी चिकट कडेची प्लास्टिक पिशवी आली. ती वापरायला पाऊण तास लागायचा, आणि नंतर जंतुनाशक घालून ती हातानं मळावी लागायची. चंद्रावर जाणाऱ्या माणसांनी हे निमूटपणे केलं. रबरी आवरणं लहान, मध्यम, मोठी अशी मिळायची. ‘लहान’ म्हणायला पुरुष लाजायचे आणि मोठं निवडून गळतीत बसायचे, असं त्या पिढीतल्या अंतराळवीरांनीच पुढे सांगितलं. लाज फक्त पाड्यावरच्या बाईला होती असं नाही. फरक एवढाच की त्यांची लाज ओळखून मापांना वेगळी, भारदस्त नावं दिली गेली.

बाईचा प्रश्न आला तेव्हा नळी आणि आवरण दोन्ही निरुपयोगी ठरले. १९७८मध्ये नासानं पहिल्यांदा सहा स्त्रियांची निवड केली. मग आली शोषून घेणारी, वापरून टाकून द्यायची चड्डी. जून १९८३मध्ये सॅली राईड निघाली. आठवडाभराच्या प्रवासाला शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं तिला अभियंत्यांनी विचारलं होतं. ती विद्वान माणसं होती आणि प्रश्न प्रामाणिक होता. त्यांच्या हिशेबात बाईचं शरीर आजवर आलंच नव्हतं. पुढे तशीच चड्डी पुरुषांनीही घेतली, कारण ती सगळ्यांनाच सोयीची होती. बाईसाठी केलेल्या सोयीनं नळी, पिशवी आणि मापांचा सगळा प्रश्न सोडवून टाकला.

*

आता आजच्या दिवसात या. कसाऱ्याहून सुटणारी पहाटेची लोकल.

तुम्ही तेवीस वर्षांच्या आहात, मुंबईत नोकरी आहे. कसारा ते मुंबई १२० किलोमीटर, अडीच तासांच्या आसपास. डब्यात स्वच्छतागृह नाही. घरून निघताना चहा अर्धा कप घेतलात, पाणी घेतलंच नाही. बाटली पर्समध्ये भरलेली आहे आणि दादर येईपर्यंत ती भरलेलीच राहील. शेजारची मावशी, समोरची ताई, तिघींचा हिशेब एकच आहे. वेळापत्रकात प्रत्येक स्टेशनचं मिनिट लिहिलंय. या डब्यातल्या कोरड्या घशांचं मिनिट कुणी लिहिलेलं नाही. डॉक्टर सांगतात की पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन्‌तास रोखली की मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. तुम्हाला तो दोनदा होऊन गेलाय.

या लोकलच्या बाजूनं जाणाऱ्या लांबच्या गाड्यांच्या इंजिनातही ही सोय नव्हती. सातारच्या सुरेखा यादव आशिया खंडातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, मध्य रेल्वेवर त्यांनी गाड्या चालवल्या. रेल्वेच्या इंजिनात पहिलं जैवशौचालय बसलं २०१६ साली. माणूस अंतराळात जाऊन तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती.

एप्रिल २०१८मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. तुमच्या पाड्यावरही शौचालयं बांधली गेली. दार आलं, कडी आली, आडोसा आला, आणि हे मोठंच काम झालं. पण उन्हाळा आला की पाड्यावर टँकर येतो आणि दोन हंडे मिळतात. त्यातला अर्धा हंडा भांड्यात ओतायचा की स्वयंपाकाला ठेवायचा, याचं उत्तर तुमच्या आईनं कधीच दिलंय: बाहेरची पायवाट अजून वापरात आहे. तानसा, भातसा, वैतरणा ही धरणं याच भागात, मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा इथूनच जातो. तानसाचं धरण तर १८९२चं. पाण्याला शंभर किलोमीटर जायची वाट सापडली, शेजारच्या पाड्यापर्यंत यायची सापडली नाही.

पाणी नसलेली ती खोली म्हणजे ग्रिसमची रबरी चड्डी आहे. ग्लेनला जे मिळालं ते वेगळं होतं. शरीरातून निघालेलं पाणी कुठे जाईल, किती साठेल, किती वेळ राहील, हे कुणीतरी शेवटच्या टोकापर्यंत विचारलं होतं. आणि तो विचार झाला, कारण एक माणूस रेडिओवर स्पष्ट बोलला होता आणि त्याचा आवाज ऐकणारं कुणीतरी पलीकडे बसलं होतं.

*

शेवटचा मुक्काम. तोच पाडा, तोच महिना, तीच वेळ. दुपारचे पावणेचार.

तुम्ही पुन्हा पहिल्या देहात आहात. आता तो ऐंशीच्या पुढचा आहे. कुडाच्या जागी विटांची भिंत आलीय. अंगणात उखळ नाही, पण सावली तिथपर्यंत येते. नात आज सुट्टीवर आहे. सकाळी टँकर आला तेव्हा तिनं दोन हंडे शौचालयाशी नेऊन ठेवले. ती दरवेळी तसंच करते आणि त्यावरून आईशी तिचं वाजतं.

ती तांब्याभर पाणी आणून देते. तुम्ही एक घोट घेता आणि तांब्या खाली ठेवता. तहान भागलेली नाही. पण साठ-पासष्ट उन्हाळ्यांत हाताला हीच सवय लागलीय: दिवस वर असताना एकच घोट.

नात ते बघते. तिनं लोकलमध्ये हाच घोट रोज मोजलाय, तिला सांगावं लागत नाही.

“आजी, पी ना पुरतं. हंडे भरलेत आत. दिवस बुडायची वाट कशाला बघतेस?”

तुम्ही शौचालयाच्या दाराकडे बघता, मग तिच्याकडे. बाहेर लख्ख ऊन आहे. तांब्या दोन्ही हातांनी उचलता, तोंडाला लावता, आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवत नाही.